पालकाच्या पानाची सरळ रेघ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज सांगायला बसलोय, तरी आधी इकडचं तिकडचं बोलेन — माझी खोडच आहे ती, ऐकून घ्या.

लातुरात माझा क्लास आहे. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं, एका बाकावर चार-चार. प्रकाशसंश्लेषण मी असं शिकवतो की मागच्या बाकावरचंही कुणी पेंगत नाही. फक्त एक गोष्ट टाळतो. दिवा बंद केला तरी हिरवं पान थोडा वेळ अगदी मंद उजेड सोडत राहतं — डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला कळतो. कुणी विचारलंच, तर अभ्यासक्रमात नाही म्हणतो. खरंच नाही. पण मी टाळतो ते त्यामुळे नाही.

भूकंप झाला त्या वर्षी मी नांदेडला वनस्पतीशास्त्राचं एम.एस्सी. करत होतो. प्रकल्पाला हाच उजेड. पालकाचं पान गरम करत जायचं, उजेड किती वाढतो ते मोजायचं, आलेख काढायचा. रेघेच्या उतारावरून ॲक्टिव्हेशन एनर्जी निघते — म्हणजे तो उजेड सोडायला पानाला आतून किती रेटा लागतो ते. प्रकल्प बघणाऱ्या सरांची शिस्त अशी, की तेच मोजमाप दोघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांची वही बघायची नाही, आणि शेवटी दोन्ही आलेख एकावर एक ठेवायचे. माझी जोडीदार सुनंदा. औशाकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. भूकंपात तिची आई आणि धाकटा भाऊ गेले. महिन्याभरानं ती परत आली आणि गुमान कामाला लागली.

काम लई कंटाळवाणं हो. दर तापमानाला पान अर्धा तास काळ्या कापडाखाली ठेवायचं, आणि मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी तीन तापमानं मोजली. मग पट्टी ठेवून रेघ मारली — आणि उरलेले नऊ आकडे त्या रेघेवरून उचलून वहीत लिहिले. आळस. दुसरं काय म्हणू?

सरांनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरले. माझी रेघ सरळसोट. सुनंदाची मधेच मोडलेली. दोन्ही खऱ्या कशा असतील? सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. तेव्हा सांगता आलं असतं — आलं असतं ना? मी म्हणालो, "सर, घरी तसं झाल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नाही. हात कापतात तिचे."

कापत नव्हते. माझी वही खरी ठरावी म्हणून मी तिची मेलेली माणसं पुढे केली. याला नरम शब्द मला सापडलेला नाही, आणि मी शोधतही नाही.

सर वाईट नव्हते. त्यांनी तिला मायेनंच सांगितलं — पोरी, आकडे चुकलेत तुझे, जा घरी, सावर स्वतःला. पीएच.डी.ला त्यांच्याकडे एकच जागा होती, ती मला मिळाली. सुनंदा शिक्षण अर्धवट सोडून गावी गेली ती परत आलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी सगळी तापमानं पुन्हा मोजली, या वेळी खरोखर. रेघ मोडली. तिची मोडली होती तिथंच. तो कागद मी फाडला.

बऱ्याच वर्षांनी औशाच्या स्टँडवर ती दिसली. अंगणवाडीत शिकवते. तिनंच ओळखलं, घरच्यांची विचारपूस केली. पोरगी दहावी झाली म्हणाली, सायन्स घ्यायचं म्हणून रडून राहिली. "मी न्हाई म्हणलं तिला," सुनंदा म्हणाली. "आपल्या हाताला ते काम न्हाई, बाई. तुमी तर बघितलंय, तवा मी किती चुका केल्या. सर बोलले ते खरंच होतं. व्हय ना?"

लातूरची गाडी लागली होती. मी "व्हय" म्हणालो आणि चढलो.