जित्या माणसाचा फोटो

आमच्या गावच्या कबड्डी मंडळाचा सेक्रेटरी कामाशिवाय कुणाला फोन करणारा नव्हे. वर्गणी हवी असेल तर, नाहीतर गावात कुणी गेलं असेल तर, एवढ्याच वेळी त्याचा आवाज ऐकायला मिळायचा. म्हणून एका सकाळी साताऱ्यात मी चहा गाळत असताना त्याचा फोन आला आणि "आत्या, थोरल्या आत्यांची तब्येत कशी हाय?" असं त्यानं विचारलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. थोरल्या आत्या म्हणजे माझी आक्का. तिला गावातच दिलेली. सेक्रेटरीच्या दारातून हाक मारली तर तिच्या ओसरीवर ऐकू जाते. तिची तब्येत विचारायला साताऱ्याला फोन कशाला?

"बरी आहे की. का रे?"

"न्हाई, सहज."

सहज! मी आयुष्यभर शाळेत खेळाची बाई होते. पोरं "सहज" म्हणाली की त्यांचे खिसे तपासायचे, हे मला नोकरीत पहिल्याच वर्षी कळलं होतं. पुढच्या आठवड्यात परत फोन, परत तब्येत. त्यानंतर तर अध्यक्षांचाही आला. अध्यक्ष माझ्या बरोबरीचे, ट्रॅक्टरचा धंदा करणारे, शब्दाला महाग माणूस. तेही म्हणाले, "बाई, आक्कांना जपा हां." कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला त्याच वेळी कळलं. कुठं ते कळेना.

कळलं ते मंडळाच्या मीटिंगला गेले तेव्हा. आमचं गाव कुंडलच्या बाजूला, उसात बुडालेलं. कुंडलला कुस्ती, तर आमच्याकडं कबड्डी. मंडळानं मैदानाला लागून नवा हॉल बांधला होता आणि त्याच्या एका भिंतीवर गावच्या थोर खेळाडूंचे फोटो लावायचे ठरलं होतं. मानाची भिंत. आता थोर कोण, हे ठरवायला रविवारी सकाळी सगळे जमले. मी कराडला गाडी बदलून पोचले तर वाद आधीच पेटलेला.

पहिलं नाव निघालं अध्यक्षांच्या कैलासवासी चुलत्यांचं. आता खरं बोलायचं तर ते चढाईला गेले की परत येत नसत. समोरच्या संघाला त्यांचा लय आधार वाटायचा. पण मैदानाची जागा त्यांनी दिलेली. एकजण म्हणाला, जागा दिली म्हणून मैदानाला नाव द्या, भिंतीवर खेळणारा पायजे. त्यावर अध्यक्षांनी नुसतं बघितलं, आणि तो माणूस पाणी प्यायला बाहेर गेला. झालं, चुलते भिंतीवर.

मग एका घोटा पकडणाऱ्याचं नाव निघालं. त्याच्या हातात पाय सापडला की सुटायचा नाही. पण नोकरी मिळते म्हणून तो साखर कारखान्याच्या संघाकडं गेला आणि आपल्याच गावाला हरवून बसला.

"फितूर झाला त्यो!" कुणीतरी मागून ओरडलं.

"आवं, पोट हाय का न्हाई माणसाला?"

"पण आपल्यालाच हरवलं की रं गड्या!"

"हरवलं म्हंजे चांगलाच खेळत असणार की!"

तोही भिंतीवर गेला. तिसरा मिल्ट्रीवाला. पलटणीच्या संघातून खेळायचा म्हणे. त्याचा खेळ गावात कुणी बघितलेला नाही, बघितलं ते फक्त सुट्टीवर आल्यावर त्याचं बोलणं. त्यावर जी हुज्जत झाली ती सांगत बसले तर चहा थंड होईल. मी सगळ्यांची तोंडं बघत होते. कोण कुणाच्या नावाला मान हलवतोय, कोण कुणाकडं बघून मग हात वर करतोय. आधी ठरवून आले होते सगळे. शपथेवर सांगते.

शेवटी मीच उभी राहिले आणि आक्काचं नाव घेतलं.

सगळे अध्यक्षांकडं बघायला लागले. मग अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, "बायकांचा संघ तसा मंडळाचा नव्हता, बाई. त्यो शाळेचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "शाळेचा? मग आमच्या बनियनवर मंडळाचं नाव कशाला होतं? तुमच्या संघाच्या जुन्या बनियनी आम्ही उसवून, शिवून घालत होतो! सांगलीला सामना जिंकून आलो तेव्हा पहिला हार ह्याच मंडळानं घातला, आठवतंय का?" मी त्या संघात होते, पण राखीव म्हणावी तशीच. खेळ आक्काचा. पाच फुटाचीसुद्धा नव्हती ती. तिघी-चौघींनी धरली तरी मासोळीगत अंग काढून घ्यायची आणि मध्यरेषेवर बोट टेकवायची. दम इतका की बघणाऱ्यालाच धाप लागायची. आमचे जुने पंच कोपऱ्यात बसले होते, काठी धरून. ते म्हणाले, "खरं हाय. तसली चढाई म्या पुरुषांत बी बघितली न्हाई." तेव्हा कुठं बाकीच्यांनी माना हलवल्या.

"आमी कुठं न्हाई म्हणतोय?" सेक्रेटरी घाईनं म्हणाला. "थोरल्या आत्यांची जागा राखून ठिवलीया की. खिळा बी मारलाय." त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. चकचकीत नवा खिळा होता. "पण नियम हाय आत्या. फकस्त कैलासवासी."

मी त्या खिळ्याकडं बघतच राहिले. म्हणून तब्येतीची चौकशी! म्हणून "जपा हां"! मेल्यांनो, वाट बघताय होय?

नियम अगदीच हवेतला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडं लग्नाचा फोटो भिंतीला चालतो, जोडीनं असतो म्हणून. पण एकट्या माणसाचा मोठा, चौकटीतला फोटो लागला की बघणारा आधी हार शोधतो. जित्या माणसाचा तसा फोटो लावणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं, असं मानतात. पण हा नियम ह्याच वेळी, आक्काचं नाव निघणार हे माहीत असताना कुणाला सुचला? मला तो नियम आक्कासाठीच शिवून आणलेला वाटला.

दुपारी आक्काकडं गेले. तिला साखरेचा आजार, आणि त्यानं तिचे डोळे धरलेले. मिरजेच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली होती. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्यानं कडेकडेनं दिसायचं. ती तांदूळ निवडत होती, म्हणजे हातानं चाचपत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल जाऊ दे. तर ती म्हणाली, "मला बघायचाय त्यो फोटू. नातींस्नी सांगते म्या खेळायचे म्हणून, तर हसत्यात माझ्या तोंडाकडं बघून. डोळं हायत तवर लावा म्हणावं. मेल्यावर काय मी येऊन बघू?"

आक्कानं जन्मात कुणाकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागितलं.

तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, मी बाजूला घेतलं. म्हटलं, तू अध्यक्षांशी बोल. तर तो चपलेनं माती उकरत म्हणाला, "मावशी, नको की. आईचा फोटू असा भिताडाला टांगलेला बघवंल का मला?" माझा विश्वास बसला नाही. अध्यक्षांनी ह्याला कमिटीत घेतो म्हणून गूळ लावला असणार, असं माझ्या मनानं लगेच घेतलं. त्याच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा होता. तो कुणाच्या दुकानातला, हे सांगायला नकोच. मी त्याच्याशी नीट बोलले नाही, चहासुद्धा अर्धा टाकून उठले.

मग मी कंबर कसली. गावातले जे जुने खेळाडू अजून जिते होते, त्यांच्या घरोघर गेले. कुणी गोठ्यात, कुणी बाजेवर, कुणी नातवाला खेळवत बसलेले. मी एकच विचारायची: "मामा, भिंतीवर तुमचं नाव आहे बरं का. पण तुम्ही गेल्यावर. चालेल ना?" आधी हसायचे. मग हसणं थांबायचं. घोटा पकडणाऱ्याचा जोडीदार तर बाजेवर उठूनच बसला. "म्हंजे आमी मरायची वाट बघत बसलीयात व्हय ही पोरं?"

पुढच्या मीटिंगला हे सगळे म्हातारे आले. काठ्या घेऊन, कानटोप्या घालून. सेक्रेटरीला कुणी बोलूच देईना. शेवटी ठरलं की जित्यांचे फोटो समोरच्या भिंतीला लावायचे. पण त्यांना हार घालायचा नाही, गंध लावायचं नाही, पुढं उदबत्ती लावायची नाही. भाचा दाराशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "हार न्हाई म्हंजे न्हाई. तसं असंल तर लावा." ह्यातही त्याचा काहीतरी डाव असेल, असं मला वाटलं.

जिंकलो म्हणून मी साताऱ्याला आले, आणि मग दिवस जायला लागले. चौकटीवाला सापडत नाही. मग कारखान्याचा हंगाम सुरू झाला, अध्यक्षांना वेळ नाही. मग उद्घाटनाला पाहुणा मिळत नाही. मी फोन करून करून सगळ्यांचं डोकं खाल्लं. मुद्दाम लांबवताहेत, कैलासवासींच्या भिंतीवर खिळा आहे तिथंच फोटो लावायचा आहे ह्यांना, असं मी सेक्रेटरीला तोंडावर म्हणाले. आणि त्याच दिवसांत एका सकाळी आक्काच्या चांगल्या डोळ्यात रक्त उतरलं. भाच्यानं तिला तसंच मिरजेला नेलं. डॉक्टरांनी जमेल ते केलं. उजेड कळेल, कोणी पुढं उभं असेल तर सावली कळेल, एवढंच राहिलं.

मी खूप रडले. राग कुणावर काढायचा तेही कळेना.

उद्घाटनाला आक्का आली. नवीन लुगडं, अंबाड्यात अबोली. मी तिचा हात धरून तिला जित्यांच्या भिंतीपाशी नेलं. तिथं तिचा फोटो होता. सांगलीच्या सामन्यानंतरचा, दोन वेण्या, घामानं कपाळाला चिकटलेले केस, आणि असं बघतेय की आत्ता चढाईला निघेल. मी तिला एकेक सांगितलं. ती ऐकत होती, चेहरा भिंतीकडं, पण नजर भलतीकडंच.

"कुणाचा फोटू हाय ह्यो?" तिनं विचारलं.

"अगं, तुझाच!"

तिनं हात पुढं करून काच चाचपली. "काच हाय. काचेमागं कोण हाय ते मला काय कळतंय? तुझा असंल. दोघी सारख्याच दिसायचो."

"आक्का, मी कशाला खोटं बोलू?"

"मला बरं वाटावं म्हणून. शेवटी लावला नसंल त्यांनी. तू भांडलीस, दमलीस, आन आता आंधळीला काय कळतंय म्हणून सांगतीस."

"माझ्यावर विश्वास ठेव गं!"

"तू ठिवलास का कवा कुणावर?" आक्का म्हणाली. रागानं नव्हे, अगदी साध्या आवाजात.

मी सेक्रेटरीला बोलावलं, तो म्हणाला, "आत्या, तुमचाच हाय." ती नुसती हसली. त्याला मीच पढवलाय, असं तिला वाटलं असणार. मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. तेवढ्यात पाहुणे आले आणि हॉलमध्ये एकच गर्दी झाली. मी आक्काला खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणायला गेले.

परत येतेय तर आरडाओरडा. मंडपवाल्याच्या माणसांनी हारांची टोपली उचलली होती आणि कैलासवासींच्या भिंतीवरून सुरुवात करून, त्याच ओघात, समोरच्या भिंतीलाही एकजात झेंडूचे हार घालून टाकले होते. ते बाहेरगावचे. त्यांना कोण जितं, कोण मेलेलं, काय माहीत? फोटो दिसला की हार. पहिल्यांदा तो बाजेवर उठून बसलेला म्हातारा स्वतःच्या फोटोसमोर उभा राहून बोंबलला. मग दुसरा. अध्यक्ष मंडपवाल्याला शिव्या देत होते, सेक्रेटरी स्टुलावर चढून हार ओढत होता, पाहुणा माइक हातात धरून तसाच उभा.

आणि ह्या सगळ्यावर एक आवाज चढला. माझ्या भाच्याचा. मी त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. माणसं बाजूला ढकलत तो भिंतीकडं धावत होता. "माझ्या आईच्या फोटूचा हार काढा आधी! आरं काढा! जित्ती हाय माझी आई! जित्ती हाय!" त्यानं उडी मारून तो हार ओढला, तुकडे केले आणि लहान पोरासारखा हुंदके देत तिथंच उभा राहिला. ट्रॅक्टर, कमिटी, गूळ, मी काय काय रचलं होतं त्याच्याबद्दल. त्याला फक्त भीती वाटत होती.

आक्का खुर्चीवरून उठली. आवाजाच्या दिशेनं हात पुढं करत चालायला लागली. मी धरायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला. लोकांनी वाट दिली. लेकाच्या पाठीला हात लागला तशी ती थांबली, आणि मग त्याच्या खांद्यावरून वर हात नेऊन तिनं चौकट शोधली. काचेवर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. तिनं त्या बोटांनी पुसल्या.

"म्हंजे लावलाय," ती म्हणाली. "माझाच हाय."