परतीचा माल, आर्वी

कात्री मुरलीशेठकडे होती आणि टेप ओढायचं काम माझ्याकडे. आर्वीच्या बाजारात त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. मागच्या खोलीत गोणपाट टाकून आम्ही दोघं सकाळपासून कॅसेटी फाडत बसलो होतो.

मी एका कॅसेट कंपनीचा वर्धा जिल्ह्याचा रिप्रेझेंटेटिव्ह. नव्वदच्या दशकात मी माल घेऊन आलो की मुरलीशेठ गिऱ्हाईक सोडून माझ्यासाठी चहा सांगायचे. पुढे एमपीथ्रीच्या सीडी आल्या. एका सीडीत ढीगभर कॅसेटींची गाणी मावायची. मग मोबाइल आले. कंपनीने कॅसेटचं काम बंद केलं आणि ज्याने माल विकला त्यालाच तो मारायला पाठवलं.

याला आमच्याकडे डिस्ट्रक्शन म्हणायचे. न खपलेला माल कारखान्यात न्यायला भाडं लागतं, म्हणून तो दुकानातच निकामी करायचा. डबीतला चित्राचा कागद तेवढा पुरावा म्हणून नागपूरला न्यायचा. एका जागी कापून भागत नाही, लोक टेप जोडतात आणि विकतात. सगळी टेप बाहेर ओढायची, तिचा गुंता करायचा आणि त्यावर जागोजागी कात्री चालवायची. मला फार वाईट वाटत होतं. मुरलीशेठ कात्री गरजेपेक्षा जास्त जोरात चालवत होते.

गोडाऊनचा माल संपला आणि आम्ही चहा घ्यायला बसलो, तेवढ्यात तळेगावचे किसनाजी आले. किसनाजी खंजेरीवर भजनं म्हणायचे. त्यांच्या मंडळाची एक कॅसेट आमच्याच कंपनीने काढली होती. रेकॉर्डिंगला त्या सगळ्यांना नागपूरच्या स्टुडिओत मीच घेऊन गेलो होतो. मागे झील धरायला, म्हणजे त्यांची ओळ उचलून पुन्हा म्हणायला, बायका होत्या. त्यात त्यांची बायकोही होती.

"माही कॅसेट आहे का जी?" त्यांनी मुरलीशेठना विचारलं.

"तुमच्या घरी नाई?"

"होती. टेपनं खाल्ली. पाव्हण्यायले वाटल्या होत्या, त्यायच्या घरी जाऊन पाहून आलो. कोणी त्याच्यावर शिनेमाचे गाणे भरून घेतले, कोणाले ते सापडूनच नाई राह्यली." मग म्हणाले, "घरची वारली न चैत्रात. फोटो आहे तिचा. आवाज तेवढा त्याच्यातच आहे."

मी मुरलीशेठकडे पाहिलं. किसनाजींच्या कॅसेटी आम्ही सकाळी सगळ्यात आधी फाडल्या होत्या. त्यांचा गठ्ठा वरच होता म्हणून, बाकी काही कारण नाही.

"थांबा न," मुरलीशेठ उठले. "एक आहे. शोकेसात ठेवली मी. आपल्या भागातला माणूस, म्हणून वरच्या खणात."

खरंच होती. इतकी वर्षं मानाने काचेत बसली होती. पण दुकानाचं तोंड पश्चिमेला आणि उन्हाळा आर्वीचा. डबी पिवळी पडलेली, आतली कॅसेट वाकलेली. टेपरेकॉर्डरमध्ये ती कशीबशी बसली आणि जो आवाज आला त्यात बाई कोण अन् पुरुष कोण तेही कळेना. किसनाजींनीच हात पुढे करून बंद केली. मुरलीशेठ तिथेच स्टुलावर बसले. अंधाऱ्या गोडाऊनात ज्या नुसत्या पडून होत्या, त्या चांगल्या होत्या.

मी नागपूरला मॅनेजरना फोन लावला. मास्टर, म्हणजे स्टुडिओतली मूळ टेप, तरी असेल असं मला वाटलं.

"सर, किसनाजींच्या भजनांचा मास्टर हवा होता."

"कोण किसनाजी?"

"तळेगावचे. खंजेरी भजन."

"अरे, जे टायटल चालत होते तेवढेच कॉम्प्युटरवर घेतले. बाकीचे मास्टर पुसून परत वापरले."

"एखादी कॉपी?"

"कॉपी तर तुमच्याकडेच आहेत ना आर्वीत. डिस्ट्रक्शन झालं का?"

"झालं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

किसनाजींना काय ते सांगावंच लागलं. मुरलीशेठनी फाडलेल्या मालाची गोणी ओढत आणली आणि फरशीवर उपडी केली. सकाळी त्या फाडल्या तेव्हा माझा हात अजून बसला नव्हता, त्यामुळे एखाद्या कॅसेटीत आतल्या चाकाला थोडी टेप चिकटून राहिली असेल, एवढीच आशा होती. तिघंही कचऱ्यात बसलो. सापडली एक. मी स्क्रू उघडले, तुटलेलं टोक दुसऱ्या चाकाला लावलं आणि कॅसेट पुन्हा बंद केली.

अर्धं भजन निघालं. आधी किसनाजींचा आवाज, मग मागून बायका. त्यात एक आवाज सगळ्यांच्या थोडा पुढे धावत होता.

"तेच," किसनाजी म्हणाले. "घाई तिले. घरीबी तसंच होतं."

टेप संपली. मी मागे फिरवायला बटण दाबणार, तर त्यांनी माझा हात धरला.

"आता नोका वाजवू जी. घासते ते."

मी म्हणालो, "किसनाजी, ही माझ्याजवळ द्या. नागपूरला कॉम्प्युटरवर चढवून सीडी करून आणतो. मग कितीही वाजवा, घासायची नाही."

त्यांनी कॅसेट काढली, रुमालात गुंडाळली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

"एक डाव देल्ला होता न आवाज कंपनीले," ते म्हणाले. "तवाबी तुमीच नेलतं आमाले."

हे ते रागाने म्हणाले नाहीत. मुरलीशेठना "येतो जी" म्हणून ते बसस्टँडकडे गेले. टेप वाजवली नाही तरी वर्षागणिक थोडी थोडी मरतेच, हे मला माहीत होतं. त्यांच्या मागे धावत जाऊन ते सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

आपल्या भागातल्या कलाकाराची कॅसेट फाडण्याआधी त्याला एक निरोप धाडावा, एवढा धडा मी त्या दिवशी घेतला. आर्वी माझ्या या डिस्ट्रक्शनच्या दौऱ्यातलं शेवटचं गाव होतं.