दातात धरलेली पंख्याची दोरी

फसली तेराशे पन्नास, म्हणजे इंग्रजी एकेचाळीस साल. मी एकोणीस वर्षांचा. मालकांच्या बैठकीबाहेर दातात दोरी धरून बसलो होतो. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी.

मादन हिप्परग्याच्या अलीकडं आमचं गाव. गावचा माळ मालक आपला म्हणायचे. तिथं आमची मेंढरं चरायची. त्याबदल्यात उन्हाळाभर आमच्या घरच्या एकानं त्यांचा पंखा ओढायचा. आजानं ओढला, अप्पानं ओढला. मग मी.

त्या दुपारी आत शास्त्रीबुवा पोथी सांगत होते. 'जिज्ञासा' असा शब्द आला. मालकांच्या पोरानं विचारलं, "म्हणजे काय?"

बुवा खूश. "जाणायची इच्छा. 'ज्ञा' म्हणजे जाणणं, त्यातनंच हा शब्द झाला. मालक, पोराला आतापासनंच जिज्ञासा आहे बघा." मालकांनी पोराच्या पाठीवरनं हात फिरवला.

मला तर लहानपणापासनं हेच होतं. सकाळचं धुकं जातं कुठं? एवढ्या कळपात मेंढी आपलंच कोकरू कसं वळखती? त्याला नाव असतं हे ठाऊक नव्हतं. तोंडातनं निघून गेलं, "बुवा, आमच्या बोलीत तिला काय म्हणतेत?"

बोलताना हात थांबला. पंखाही थांबला.

"तुझ्या बोलीत?" मालक म्हणाले. "तुझ्या बोलीत तिला आगाऊपणा म्हणतेत."

सगळे हसले. बुवा बी हसले.

"दोरी दातात धर. तोंड कामात राहील."

धरली. मान मागं-पुढं करत ओढली, पोथी संपेस्तोवर. सुंभ हिरडीत रुतलं, रक्त आलं. आत त्यांना वारा लागत होता. बुवा पुढचं सांगत होते आणि मी ऐकत होतो. कान बांधायचं कुणाला सुचलं न्हाई.

घरी अप्पानं माझं तोंड बघितलं.

"कामून बोललास?"

"विचारलं फकस्त."

"माळ बंद केला तर मेंढरं काय तुझा शब्द खातील?"

अप्पाचं खोटं नव्हतं. मालक माळ बंद करणार, हे मलाही दिसत होतं. पण राग पंखा थांबल्याचा असता तर 'हात चालव' म्हणाले असते, तोंड बांधलं नसतं. मग मालकांना राग कशाचा आला? आज एका शब्दाचं विचारलं, उद्या हा आणखी कशाचं विचारंल, याचा. त्यांना जे कळलं ते मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैठकीच्या पायरीखाली उभा राहिलो. दोरीला हात लावला न्हाई. तोंड सुजलं होतं, तरी बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मालक, गावचा माळ तुमचा कधी झाला?"

आणि उत्तरासाठी तिथंच उभा राहिलो.