न मोजलेल्या म्हशी

आमच्या विचुंबे गावात माझ्या चुलत सासऱ्यांइतका हट्टी माणूस झाला नाही, आणि त्यांच्या म्हशी सोडल्या तर पुढे कोणी होईल असंही वाटत नाही. चारी बाजूंनी टॉवर उठले, पण काकांचा गोठा जागचा हलला नाही. बिल्डरची माणसं आली की काका त्यांना आधी शेणातून चालवत आणत, मग चहा पाजून परत पाठवत. त्यांचा खरा हट्ट मात्र वेगळाच. जिवंत काहीही मोजायचं नाही. मोजलं की दृष्ट लागते. जनगणनेच्या बाईंनी घरात माणसं किती विचारलं, तर म्हणाले, "देवाची दया हाय." नातीच्या हळदीला केटररने पानं किती विचारलं, तर "येतील तेवडी." त्या हळदीचं मटण आळीने लग्न लागून गेल्यावरही खाल्लं.

गावातलं दूध संकलन केंद्र मी चालवते. गेल्या वर्षी डेअरीने ठरवलं, आपल्या धंद्यामुळे हवा तापवणारा वायू किती जातो याचा हिशेब द्यायचा. त्यात म्हशींचे ढेकरही आले, आणि ढेकरांसाठी म्हशींचा आकडा आला. डेअरीची एक मुलगी माझ्यासोबत गोठ्यावर आली. बिचारी नम्र होती.

"आजोबा, म्हशी किती?"

"हायत."

"आकडा लागेल. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुमचं दूध घेता येणार नाही."

"तुमचे टँकरचा धूर मोजला?"

"तो मोजतोय ना."

"आनि सायबाची गाडी?"

ती हातातले कागद चाळायला लागली.

"मंग आदी त्याला इचार. माजी म्हस निस्ती ढेकर देते, इमानात बसून मिटिंगला जात नाय."

मी म्हटलं, "काका, तुम्ही नका मोजू. मी मोजते."

"मोज की, सूनबाय. मंग चाय प्यायला घरी ये, गोठ्यात पाय ठेवू नको."

हिशेब नको असं माझं म्हणणं नाही. उन्हाळा वाढलाय, हे दुपारभर म्हशींवर पाणी मारणाऱ्या काकांना कोणी सांगायला नको. पण ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्या दारातूनच मोजणी का सुरू होते, हे मी त्या मुलीला तोंडावर विचारलं.

दूध बंद झालं. काका किटल्या घेऊन टॉवरच्या गेटवर उभे राहिले. "पिशवीतला पानी पिऊन कंटाला नाय आला?" असं गिऱ्हाईकालाच विचारायचे. काहींनी दूध लावलं, बाकीच्यांना मोबाइलवरून मागवायची सवय. दूध उरायला लागलं. मग वैरणीचा टेम्पो अर्धाच भरून येऊ लागला, आणि गोठ्यात एकेक खुंटा रिकामा दिसायला लागला.

परवा त्या मुलीचा फोन आला. "ताई, तुम्हीच आकडा सांगा ना. मी दूध परत सुरू करून देते."

मी गोठ्यावर गेले. काका नळी धरून म्हशी धूत होते. मला बघून त्यांनी नळी बाजूला केली आणि स्वतः चहा आणला. आता मोजायला बोटंही लागली नसती. सगळ्या एका नजरेत मावत होत्या.

मी कपात बघत चहा प्यायले.