वाळू चाखणाऱ्या नेबाहतमावशी

नेबाहतमावशींचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. चीज घेताना आधी चिमूटभर जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि दुकानदाराला सांगायच्या, "परवाचं आहे." पावासाठी खिडकीतून दोरीने टोपली खाली सोडायच्या, टोपली वर आली की पाव दाबून, हुंगून बघायच्या. पसंत नसेल तर टोपली पुन्हा खाली.

आमची दारं समोरासमोर. एकदा मी विचारलं, "नवऱ्यावर तरी होता का विश्वास?"

"काझिमवर? होता ना." त्यांनी भिंतीवर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "ही बिल्डिंग त्याच्या जिवावर उभी आहे. सगळी वाळू त्याच्याच ट्रकमधून आली."

मित्रामित्रांनी सोसायटी काढून बांधलेली ती बिल्डिंग, अवजलार उपनगरात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नव्व्याण्णवच्या भूकंपात समोरची बिल्डिंग बसली, आमची उभी राहिली. तेव्हापासून आमचे चेअरमन रेम्झीकाका एकच पालुपद लावायचे, "उभी राहिली ना? मग आणखी कसली तपासणी?"

ठिणगी पडली ती सेव्हिलच्या पार्लरमध्ये. ते आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर. केस वाळवायच्या यंत्राखाली बसल्या बसल्या मावशी एकदम म्हणाल्या, "सेव्हिल, माझा खांब कुठाय?"

"कुठला खांब?"

"ज्यावर मी कॅलेंडर टांगते. वर माझ्या स्वयंपाकघरात आहे, म्हणजे खाली इथेच यायला हवा. इथे तर तुझा आरसा."

"मग आरशामागे असेल, मावशी."

"असेल?" मावशी उठल्या आणि डोक्याला रंग तसाच असताना आरशावर टकटक करून आल्या. "पोकळ वाजतंय. जागा वाढवायला कापलास ना?"

आमच्याकडे दुकानदारांनी खांब कापल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकू येतात. संध्याकाळपर्यंत जिन्यात सगळे जमले. रेम्झीकाकांनी मावशींना बाजूला घेतलं. "वहिनी, जरा विचार करा. तपासणीला एका मालकाचा अर्ज पुरतो. एकदा 'धोकादायक' ठरली की सगळ्यांनी बाहेर. तुम्हीसुद्धा. हे घर सोडून तुम्हाला आहे काय?"

"काहीच नाही. पण भाऊजी, तुम्ही एवढे का घाबरता?"

"मी? मी कशाला घाबरू?"

"मग मिशी का चावताय?"

मावशींनी अर्ज केला. जिन्यातले रामराम बंद झाले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "बिल्डरने किती दिले?" मावशीही खालून ओरडल्या, "तुला विचारलं नाही का त्याने? अरेरे!" पण त्या दिवसापासून त्या दाराला आतून साखळी लावू लागल्या. कोण खाकरलं, कोण कुणाच्या घरी गेलं, सगळ्याचा त्यांना संशय. आणि आम्हाला त्यांचा.

तपासणीवाले आले. आरसा उतरवला. मागे खांब होता. अख्खा, जाडजूड, फरशी लावलेला.

सेव्हिलने कमरेवर हात ठेवले. "मोजून घ्या, मावशी. नाहीतर चावून बघा."

मावशींचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात इंजिनिअरने खांबात यंत्र घातलं आणि काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा बाहेर काढला. उजेडात फिरवला. करड्या काँक्रीटमध्ये एक पांढराशुभ्र शिंपला.

"समुद्राची वाळू," तो म्हणाला. "न धुतलेली. मीठ आतल्या सळया खातं." दुसरीकडे त्याने खांब थोडा फोडला. सळई हाताला लागली ती तपकिरी पापुद्रे होऊनच. "वाळू कुणी आणली होती?"

"कोण आठवतंय आता," रेम्झीकाका घाईघाईने म्हणाले. "कंत्राटदार होता कुणीतरी."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. चीजवाल्याकडे पाहतात तसं. मग त्या तुकड्यावरची भुकटी नखाने खरवडून जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"कंत्राटदार नव्हता," त्या म्हणाल्या. "काझिमची आहे."

"वहिनी, राहू द्या."

"तुम्हाला माहीत होतं."

रेम्झीकाका पार्लरच्या खुर्चीत बसले. "आम्ही सगळ्यांनीच भरली हो. किनाऱ्यावरून. फुकट, बारीक, स्वच्छ वाळू. टरबूज खात खात ट्रक भरायचो, वाटायचं, काय नशीब आपलं! त्यात काय आहे ते भूकंपानंतर कळलं. तोवर काझिम गेला होता. तुम्ही भिंतीवर हात ठेवून त्याचं नाव घ्यायचात. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"म्हणून आम्हाला या भिंतींत झोपू दिलंत?"

सेव्हिलने गुपचूप मावशींपुढे पाण्याचा ग्लास धरला. मावशींनी तो हुंगला नाही, सरळ प्यायल्या.

बिल्डिंग पाडली. मावशी पलीकडच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहतात आणि रोज खुर्ची घेऊन आमच्या नव्या बांधकामासमोर येऊन बसतात. काँक्रीट हल्ली तयारच येतं, तिथे त्यांचं काही चालत नाही. नुसते प्रश्न विचारून माणसांना हैराण करतात. पण गिलाव्याची वाळू ट्रकमधून येते. ट्रक थांबला की मावशी उठतात, चिमूटभर वाळू जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात. अख्खं काम थांबतं.

"काय मावशी, मीठ कमी पडलं का?" परवा एक ड्रायव्हर हसत म्हणाला.

"गप. माझा नवराही असाच हसरा होता." त्या बाजूला थुंकल्या, तोंड पुसलं, मग मूठभर वाळू पुन्हा उचलून बोटांतून सोडली, शिंपला शोधत.

"चालेल. उतरव."