आक्कानं मागितलेली भाकरी
भाकरी भाजल्याचा वास आला की निपाणीच्या घरातली ती दुपार आठवते. आई जेवणात विष घालते, असं थोरल्या आक्काला कानातले आवाज सांगायचे. ती फक्त पुड्यातली बिस्किटं खायची. बेळगावच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन जास्त झालंय, आवाज त्यानंच येतात. गोळ्यांनी उतरतील, पण धीर धरा." गोळ्या ती माझ्या हातून घ्यायची. पाचव्या आठवड्यात ती आपण होऊन स्वयंपाकघरात आली, आईसमोर ताट धरलं आणि म्हणाली, "वाढ गं आई, लई भूक लागलीया. आज कानात कोण बोलत न्हाय." आईनं तव्यावरची भाकरी तिच्या ताटात वाढली. आक्कानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. ती अजून रोज गोळी घेते, शाळेत शिकवते. मी पुढं पुष्कळ परीक्षा पास झाले, पण त्या दुपारइतका मोठा आनंद एकाही निकालानं दिला नाही.