आईने पाहिलेली चाच्यांची मालिका

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की भिसेगावच्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. जीव वाचवण्याच्या खेळात हरलेल्या मुलांना चाचे समुद्रात ढकलतात, अशी एक कार्टून मालिका मी बोंबील भाजत बसलेल्या आईला मोबाइलवर दाखवली. “आरं, त्या पोराच्या आईला कुनी कळवलं का?” एक मुलगा पाण्यात पडताच ती रडवेली होऊन म्हणाली. मी दुसऱ्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ घेत होतो; गंमत वाटून तो इंटरनेटवर टाकला. संध्याकाळपर्यंत त्याखाली लोकांनी तिला अडाणी, येडी, काय काय लिहिलं होतं. आईला वाचता येत नाही. “काय लिवलंय रं लोकांनी?” तिने हौसेने विचारलं. “तू घाबरलीस, म्हणतात,” मी कसंबसं सांगितलं. “मंग? त्यांना नाय वाटली भीती?” व्हिडिओ मी लगेच काढून टाकला, पण कुणीतरी तिला खरं सांगेल, ही धास्ती अजून गेलेली नाही.